नवीन राउटर आणलाय, यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं?

प्राजक्ता_पाथर्डीफाटा
नमस्कार मंडळी. आमचं पाथर्डी फाट्याला रो-हाऊस आहे, खाली हॉल-किचन आणि सासूबाईंची खोली, वर दोन खोल्या. नेटवाल्याने दिलेलं पांढरं डबडं खाली मेन दाराशी मीटरच्या पेटीला खेटून लावलंय, त्याचं वाय-फाय वर येईपर्यंत त्याचा जीव जातो आणि माझं ऑफिस नेमकं वरच्या खोलीत. म्हणून एमजी रोडवरून वाय-फाय ६ वाला राउटर आणला, चार अँटेना, डब्यावर एएक्स३००० लिहिलंय. दुकानदार म्हणाला ताई काही करायचं नाही, वायर खोचा नि वापरा. झाला चालू, खोटं कशाला बोलू. सध्या पांढऱ्या डबड्याच्या शेजारीच ठेवलाय.
पण हौसेने सेटिंगचं पान उघडलं आणि डोकंच फिरलं. स्मार्ट कनेक्ट चालू ठेवायचं का? कारण ते चालू आहे तोवर गीझरचा स्मार्ट प्लग काही केल्या जोडला जात नाहीये. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ घ्यायचं की ३? डब्ल्यूपीएस, यूपीएनपी, क्यूओएस, बीमफॉर्मिंग, ओएफडीएमए ही काय भानगड आहे? सासूबाईंच्या भजनी मंडळाला पासवर्ड द्यावा लागतो, त्यांना गेस्टवर टाकू का? मुलगा दहावीला आहे, रात्री ११ ला फक्त त्याचं नेट बंद करायचंय (हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न समजा). शिवाय दिंडोरीला सासऱ्यांच्या मळ्यात कॅमेरे बसवलेत, ते घरून दिसायला पोर्ट फॉरवर्डिंग करा असं कॅमेरावाला सांगून गेला, ते या राउटरवर कुठे करायचं?
आणि हो, प्लॅन २०० चा आहे पण लॅपटॉपला वायर लावून बघितलं तरी ९४ च्या वर काटा जात नाही.

बोकोबा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दहावीचा मुलगा विरुद्ध राउटर, माझे पैसे मुलावर.

लॅनबाबा
ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण त्याचं उत्तर सेटिंगमध्ये नाहीच. ९४ आकडा दिसला की समजायचं कुठेतरी १०० चा लिंक बसलाय. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर पॅकेटचा वरखर्च वजा जाता ९४-९५ च हातात पडतात, मग प्लॅन २०० चा असो की ५०० चा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. जोडणाऱ्याने चारच तारा क्रिम्प केल्या असतील किंवा एखादी तुटली असेल तर लिंक गुपचूप १०० वर उतरतो आणि कुठेही एरर दाखवत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पोर्टपुढे (बाहेरून नेट येतं तो पोर्ट) १०० लिहिलंय की १००० ते बघा. डबडं आणि राउटर यांच्यामधली केबल बदलून बघा, प्लगच्या पारदर्शक टोकातून तारा मोजताही येतात. केबल बरोबर निघाली तर मग डबड्याचा पोर्टच १०० चा आहे का ते बघायचं, काही डबड्यांना एकच पोर्ट गिगाबिट असतो नि बाकीचे १०० चे.
दुसरं म्हणजे स्मार्ट प्लग. स्वस्तातले जवळजवळ सगळे प्लग, बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ त्यांना दिसतच नाही. स्मार्ट कनेक्ट दोन्ही बँडना एकच नाव देतं आणि मग जोडणीच्या वेळी घोळ होतो. माझं सरळ मत, स्मार्ट कनेक्ट बंद, २.४ ला वेगळं नाव, ५ ला वेगळं नाव. कोण कुठे आहे ते आपल्याला कळतं.
तिसरं, नवीन राउटरचं वॅन आयपी काय दाखवतोय ते इथे सांगा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर डबल नॅट आहे, म्हणजे डबडंही राउटर आणि तुमचा नवीनही राउटर, एकाच घराला दोन वॉचमन आणि दोघंही वेगवेगळं रजिस्टर लिहितायत.

मुग्धा_के
लॅनबाबा, बाकी सगळ्याला +१ पण वेगवेगळ्या नावांना ठाम विरोध. घरात चार माणसं, प्रत्येकाला "आई आता ५ वर जाऊ की २ वर" हे कोण शिकवत बसणार. दोन नावं केली की फोन ५ ला चिकटून बसतो आणि एक काडी उरली तरी सोडत नाही. एकच नाव ठेवा, कुठल्या बँडवर जायचं हे शेवटी फोनच ठरवतो, राउटर फक्त ढकलाढकली करतो. प्लगसाठी नव्या राउटरमध्ये आयओटी नेटवर्क (प्लग-बल्बसारख्या वस्तूंसाठीचं वेगळं) असा पर्याय असेल तो फक्त २.४ वर चालू करा, नसेल तर गेस्ट नेटवर्क २.४ वर. नाहीतर सोपा जुगाड, प्लग जोडताना ५ गिगाहर्ट्झ तात्पुरतं बंद करायचं, जोडून झालं की परत चालू. एकदा जोडला की प्लगला काही फरक पडत नाही.

लॅनबाबा
जुगाड चालतो मान्य. लाईट गेली-आली की काही प्लग परत रुसतात, मग पुन्हा ५ बंद करा. वेगळं नाव दिलं की कटकट एकदाच.

नाशिकरोड_लोकल
आमच्याकडे दोन नावं आहेत. "घरचं" आणि "घरचं फास्ट". बाबा मुद्दाम पहिल्यावर असतात, म्हणतात फास्टने डेटा लवकर संपतो.

बोकोबा
ठ्ठो! बाबांना दंडवत.

वायरमन_भो
नेटचं तुम्ही बघा पण ताई, गीझरचा प्लग १६ अँपिअरवालाच आहे ना? २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर खेचतो, ३ किलोवॅटचा तेरा. १० अँपिअरचा छोटा स्मार्ट प्लग लावला असेल तर तो जोडला जात नाही हे तुमचं नशीब समजा. आधी प्लगवर काय छापलंय ते वाचा, वाय-फाय नंतर.

प्राजक्ता_पाथर्डीफाटा
@वायरमन_भो, १६ चाच आहे, पाहून आले. पण धन्यवाद, हे डोक्यातच आलं नव्हतं.
@लॅनबाबा वॅन आयपी १९२.१६८.१.५ आहे. आणि डब्यातल्या केबलऐवजी घरातली जुनी पिवळी केबल लावली होती, तिच्या टोकात चारच तारा दिसतायत! डब्यातली लावली तर लिंक १०००, टेस्टला १९८ आले.

लॅनबाबा
संपला विषय. ती पिवळी केबल आजच्या आज फेका, नाहीतर पुन्हा कुणीतरी लावेल.
आता डबल नॅट. दोन रस्ते आहेत. एक, पांढरं डबडं ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायचं, म्हणजे ते फक्त फायबरचं इथरनेट करून देईल आणि पीपीपीओई लॉगिन तुमचा नवा राउटर करेल. त्यासाठी नेटवाल्याकडून युजरनेम-पासवर्ड लागतो, काही ठिकाणी व्हीलॅन नंबरही (नेटवाल्याच्या लाइनचा ओळख-क्रमांक) लागतो, तो विसरू नका मागायला. पीपीपीओई असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४९२ ठेवा, आठ बाइट पीपीपीओईवरच खर्च होतात. दोन, नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो नुसतं वाय-फाय देईल. हे दोन मिनिटांत होतं पण मग पॅरेंटल कंट्रोल, क्यूओएस वगैरे बहुतेक राउटरमध्ये गायब होतं कारण राउटिंग डबडंच करत असतं. मुलाचं नेट बंद करायचंय ना, मग ब्रिज.

मुग्धा_के
एक राहिलं, डबड्यातून लँडलाइन फोन चालत असेल तर ब्रिज करताना नेटवाल्याला आधीच सांगा, नाहीतर नेट चालू आणि फोन मुका. शिवाय ब्रिज झालं की डबड्याचं स्वतःचं वाय-फाय बंद करून टाका, दोन वाय-फाय एकमेकांच्या उशाला बसून एकाच चॅनलवर बोंबलत असतात.

जुना_वाडा
सगळे सेटिंगवर तुटून पडलेत पण मूळ दुखणं कोणीच बघितलं नाही. ताई लिहितायत नवा राउटर डबड्याच्या शेजारीच ठेवलाय. म्हणजे जिथून वाय-फाय वर पोचत नव्हतं तिथेच नवीन वस्तू ठेवली, चार अँटेना असल्या म्हणून काय झालं. स्लॅब तोच, लोखंड तेच, शेजारी मीटरची पत्र्याची पेटी तीच. भद्रकालीत आमच्या वाड्याच्या भिंती दोन-दोन फुटांच्या, दगड-विटांच्या. ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीतच गार पडतं, २.४ दुसऱ्या भिंतीपर्यंत कसंबसं जातं. आम्ही शेवटी चौकातून कॅट६ वायर ओढली आणि माडीवर दुसरा ॲक्सेस पॉइंट टांगला, त्यानंतर घरात नेटवरून भांडण नाही, बाकीची आहेत.
तुमच्याकडे रो-हाऊसमध्ये टीव्हीच्या केबलचा कंसील्ड पाइप वर गेलेला असेलच, त्यातून कॅट६ ओढून घ्या आणि राउटर जिन्याच्या वळणावर किंवा वरच्या पॅसेजमध्ये ठेवा. वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट बिनबोभाट नेते, तुम्हाला पंधरा मीटरही लागणार नाही. टीव्ही युनिटच्या मागे, कपाटात, फिश टँकच्या शेजारी ठेवू नका. पाणी २.४ चे सिग्नल चांगलंच पितं.

चिवडा_सोशिक
+१००. आणि कोणी रिपीटर घ्या म्हणेल तर ऐकू नका. एकाच बँडवर घेणारा-देणारा साधा रिपीटर स्पीड निम्म्यावर आणतो. मेश घेतलात तरी दोन डब्यांमध्ये वायर असेल तर मजा, नाहीतर तोही महागडा रिपीटरच.

सुधाकाकू
एवढ्या लहरी घरभर फिरवायच्या म्हणजे मला तर भीतीच वाटते. आम्ही रात्री झोपताना राउटर बंद करतो. तब्येतीलाही बरं आणि विजेचीही बचत.

लॅनबाबा
काकू, राउटरची शक्ती मिलीवॅटमध्ये मोजतात आणि चार पावलं लांब गेलं की त्यातलंही नाममात्र उरतं. उशाशी ठेवलेला मोबाइल त्याच्यापेक्षा जवळ असतो. विजेचं म्हणाल तर साधारण १० वॅट धरा, महिनाभर २४ तास चालला तर सात-सव्वासात युनिट. रात्री बंद करून दोनेक युनिट वाचतात. बंद करायला हरकत काहीच नाही, फक्त फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट बरेच राउटर पहाटे आपोआप घेतात ते मग हुकतं.

सुधाकाकू
मग आमचं दोन युनिट वाचतं ना. तेवढं पुरे.

दहावी_ब
प्राजक्ता मावशी, मुलाच्या बाजूने कोणी बोलणार आहे का इथे? परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आत्तापासून ११ चा कर्फ्यू?

बोकोबा
आरोपी हजर!

मुग्धा_के
@दहावी_ब तू अभ्यासाला जा आधी.
प्राजक्ता, हे नीट समजून घे कारण इथे बहुतेकजण फसतात. पॅरेंटल कंट्रोल डिव्हाइसचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, बघून अडवतं. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक वाय-फायला खोटा मॅक दाखवतात, प्रायव्हसीसाठी. मुलाने सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हेट ॲड्रेस बंद केलं की फोन खरा मॅक दाखवतो, राउटरला वाटतं नवीन पाहुणा आला आणि नेट चालू. दहा सेकंदांचं काम आहे. म्हणून एकेक फोन अडवत बसण्यापेक्षा उलटं कर, मुलासाठी वेगळं नेटवर्क काढ, त्यालाच ११ ते ६ चं वेळापत्रक लाव, आणि मुख्य नेटवर्कचा पासवर्ड बदलून त्याला देऊच नकोस. नको त्या साइट अडवायच्या तर राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सोय) १.१.१.३ टाक, त्यात मालवेअर आणि प्रौढ साइट दोन्ही गाळल्या जातात. तेही फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावून चुकवता येतं, पण निदान चुकून काही उघडत नाही.

दहावी_ब
मुग्धा मावशी तुम्ही आमच्या ग्रुपमध्ये प्रसिद्ध होणार आहात.

ओझरचा_पक्षी
थोडं अवांतर, माझाही एएक्स३००० च आहे. ५ गिगाहर्ट्झ मधूनच गायब होतं, दिसतच नाही यादीत, मग थोड्या वेळाने येतं. कंपनी म्हणते राउटर ठीक आहे. काय असेल?

लॅनबाबा
१६० मेगाहर्ट्झ चालू केलंय का?

ओझरचा_पक्षी
हो, डब्यावरचा २४०२ चा आकडा त्याशिवाय येत नाही म्हणे.

लॅनबाबा
तिथेच आहे मग. एएक्स३००० म्हणजे ५ चे २४०२ आणि २.४ चे ५७४ यांची बेरीज, आणि ते २४०२ हे १६० मेगाहर्ट्झ रुंदीवरच, ८० वर ते १२०१ होतात. १६० रुंदी पसरली की ३६ पासून ६४ पर्यंतचे चॅनल लागतात, त्यातले ५२ ते ६४ डीएफएसचे, म्हणजे तिथे रडारचा पहिला हक्क. राउटरला त्या चॅनलवर बसायच्या आधी किमान एक मिनिट नुसतं कान देऊन बसावं लागतं, आणि मधेच रडारसारखं काही ऐकू आलं की दहा सेकंदांत चॅनल सोडून अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. तुमच्याकडे विमानतळ आहे, पण खरं रडार नसतानाही राउटरला भास होतात. ८० वर या, चॅनल ३६ किंवा १४९ हाताने ठरवा. घरच्या २०० च्या प्लॅनला १२०१ पुरून उरतात.

ओझरचा_पक्षी
१४९ वर टाकलं, ८० केलं. दोन दिवस झाले, अजून एकदाही गेलं नाही. लई आभार भो.

जुना_वाडा
आणि २.४ वर २० मेगाहर्ट्झच ठेवा सगळ्यांनी, कृपा करा. ४० केलं की अर्धा बँड एकटा खाऊन टाकतो. १, ६, ११ या तीन चॅनलमधला जो मोकळा असेल तो घ्या, ३-४ वर बसलात तर १ वाल्याचंही वाटोळं आणि ६ वाल्याचंही. आमच्या गल्लीत एकजण कायम ३ वर असतो. मला घर माहितीये पण बोलत नाही.

शालिमार_वकील
डब्ल्यूपीएसबद्दल (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) कोणीच बोललं नाही म्हणून. बंद करा. ते आठ आकडी पिन २०११ सालीच उघडं पडलंय. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत निकाल लागतो. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरचं सेटिंग उघडणं) पण बंद. ॲडमिनचा पासवर्ड बदला, वाय-फायचा नव्हे, सेटिंगच्या पानाचा, तो बरेच लोक तसाच ठेवतात.
"आमचं वाय-फाय वापरून कोण काय करणार" असं म्हणणाऱ्यांसाठी, २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी जो ईमेल आला तो नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. त्याचा काही संबंध नव्हता, तरी पोलीस आधी त्याच्याच दारात गेले. आयपी कनेक्शनधारकाचा असतो, तपास तिथूनच सुरू होतो. भजनी मंडळाला गेस्टच द्या.

नाशिकरोड_लोकल
वकीलसाहेब, भजनी मंडळावर संशय? ;)

शालिमार_वकील
भजनी मंडळावर नाही हो, त्यांच्या नातवंडांवर. :)

मुग्धा_के
गेस्टवर टाकलं की आतल्या वस्तू दिसत नाहीत, प्रिंटर किंवा टीव्हीवर फोनवरून गाणी लावणं जमत नाही. मंडळाला टीव्हीवर अभंग लावायचे असतील तर सासूबाईंच्याच फोनवरून लावा. सिक्युरिटीचं विचारलंस ना, डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र असा पर्याय असेल तो घे. फक्त ३ ठेवलंस तर जुना प्रिंटर, प्लग बाहेर राहतील. आयओटी नेटवर्क मात्र डब्ल्यूपीए२-एईएस वर. टीकेआयपी (जुनं एन्क्रिप्शन) दिसलं तर हात लावू नको, त्याने स्पीड ५४ वर येतो.

मांडवाखाली
रामराम. पिंपळगावजवळ द्राक्षबाग आहे, कॅमेऱ्याचं मी सांगतो. ताई, पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या कॅमेऱ्याकडे वळवणं, ते तुमच्या घरच्या राउटरवर करून उपयोग शून्य, कॅमेरे जिथे आहेत तिथल्या राउटरवर करायचं असतं. आता मळ्यात नेट काय आहे? बहुतेक सिमवालं ४जी राउटर असेल. सिमवर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, हजारो लोक एकाच आयपीमागे असतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसला की ओळखायचं. काही ठिकाणी १० ने सुरू होणारा दिसतो, गोष्ट तीच. मग पोर्ट उघडा नाहीतर दार उघडा, बाहेरून आत येताच येत नाही.
सोपा उपाय, डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) क्यूआर कोड असतो, कंपनीच्या ॲपने स्कॅन करा, ते स्वतः बाहेर जाऊन जोडणी करतं. आणि डीव्हीआरचा पासवर्ड १२३४५६ असेल तर आजच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने अशाच कॅमेऱ्या-डीव्हीआरची फौज उभी करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या, सगळं कारखान्यातल्या पासवर्डवर.
कॅमेरावाल्याला दोष देत नाही, तो दहा वर्षांपूर्वी शिकला असेल तेव्हा हेच चालायचं.

चिवडा_सोशिक
मांडवाखाली दादा, घरापासून बागेतल्या पंपहाऊसपर्यंत नेट कसं नेलंय? आमच्या मामांना आडगावला न्यायचंय, अंतर तीनेकशे मीटर.

मांडवाखाली
१०० मीटरच्या पुढे तांब्याची वायर नको. एकतर फायबर ओढा, ती विजेला बधत नाही, पावसाळ्यात गच्चीवरून गेलेल्या तांब्याच्या केबलीने आमच्या शेजाऱ्याचा टीव्ही आणि राउटर दोन्ही नेले. नाहीतर ५ गिगाहर्ट्झच्या दोन बाहेरच्या डिश समोरासमोर लावा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना मोकळा केला, घराबाहेरसुद्धा चालतो. पण डोळ्याने समोरची डिश दिसली पाहिजे, मांडव मध्ये आला की संपलं. ऑक्टोबर छाटणीनंतर लावली तर झकास चालते, मग वेल पानावर आले की सिग्नल खाली. म्हणून पाइप मांडवाच्या बराच वर काढायचा, आणि खांबाला अर्थिंग द्यायचं.

बोकोबा
राउटरच्या धाग्यात छाटणी! हे फक्त नाशिककरच करू शकतात.

नाशिकरोड_लोकल
सेटिंग कितीही करा, सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरून ठेवलेत, जेसीबीच्या एका घासात फायबर जाते. डबड्यावर लॉसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला की राउटर रिस्टार्ट करत बसू नका, तक्रार नोंदवा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. पॉनचा (फायबर जोडलेली असल्याचा) दिवा हिरवा असून नेट नसेल तरच राउटरकडे बघायचं.

प्राजक्ता_पाथर्डीफाटा
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचूनच अर्धी इंजिनीअर झाले. ब्रिज करून घेतलं, नेटवाल्याचा मुलगा आधी "असं होत नसतं मॅडम" म्हणाला, व्हीलॅनचं विचारल्यावर एकदम सरळ झाला. वॅन आयपी आता १००.८ ने सुरू होतोय, म्हणजे इथेही सीजीनॅटच ना? असू दे, मळ्याचं क्यूआरने झालं, सासरे दर तासाला फोन करून "आत्ता मी दिसतोय का" विचारतायत.
राउटर वरच्या पॅसेजमध्ये आलाय, वायर टीव्हीच्या पाइपमधूनच गेली. खालीही ५ मिळतं. स्मार्ट कनेक्ट चालू ठेवलंय, प्लग आयओटीवर (सॉरी लॅनबाबा).
मुलाचं वेगळं नेटवर्क ११ ला बंद होतं, घड्याळासारखं. ११ वाजून ५ मिनिटांनी आजीचा हॉटस्पॉट चालू होतो. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "अभ्यासाला लागतं म्हणाला तो."

बोकोबा
माझे पैसे द्या.

लॅनबाबा
सॉरी कशाला, चालतंय ना, मग बास. १००.८ काहीतरी म्हणजे १००.८० वगैरे असेल तर हो, सीजीनॅट. बाहेरून घरात यायचं नसेल तर काही अडत नाही.

सुधाकाकू
ते बीमफॉर्मिंग का काय विचारलं होतं तिने, त्याचं कोणी सांगितलंच नाही.

मुग्धा_के
काकूंनी पकडलं! बीमफॉर्मिंग चालू राहू दे, ते फोन असेल त्या दिशेला सिग्नलचा जोर देतं. ओएफडीएमए एका वेळी अनेक डिव्हाइसना थोडी-थोडी जागा वाटून देतं, फोन-लॅपटॉप वाय-फाय ६ चे असतील तरच उपयोग. चालू ठेव, एखादं जुनं डिव्हाइस सारखं तुटायला लागलं तर आधी त्यालाच बंद करून बघायचं. यूपीएनपी गेम-ॲपना राउटरवर स्वतःच पोर्ट उघडू देतं, मुलगा गेम खेळत नसेल तर बंद.

दहावी_ब
:(

लॅनबाबा
क्यूओएस तुमच्या कामाचं आहे. कोणी मोठी फाइल वर चढवायला लागलं की मीटिंग अडकते, कारण पॅकेट डबड्यात रांग लावून बसतात. क्यूओएसमध्ये एकूण स्पीड टाकायला सांगतात तिथे २०० नका टाकू, १८० च्या आसपास टाका, वर-खाली दोन्हीकडे. म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि त्याला मीटिंग पुढे काढता येते. पूर्ण २०० टाकलंत तर क्यूओएस असून नसल्यासारखं.

चिवडा_सोशिक
लाईट गेल्यावरचं काय? इन्व्हर्टर नाहीये, त्या छोट्या राउटर यूपीएसवर डबडं आणि राउटर दोन्ही चालतील का?

वायरमन_भो
दोन्हींच्या ॲडाप्टरवर काय छापलंय ते बघा. बहुतेक १२ व्होल्ट असतात, पण काही ९ चे पण येतात, ९ वाल्याला १२ दिले तर जळेल. अँपिअरची बेरीज करा, एक १ चा आणि एक दीडचा असेल तर यूपीएस अडीच अँपिअर देणारा पाहिजे, २ वाला घेतला तर दोन्ही चालू होतील पण वाय-फायवर जोर आला की राउटर आपोआप रिस्टार्ट मारेल आणि तुम्ही परत इथे धागा काढाल. पिनची जाडीपण बघून घ्या, ५.५ मिलिमीटरचीच बहुधा असते, पण आतलं भोक २.१ आणि २.५ असं दोन मापांत येतं.

चिवडा_सोशिक
डबडं १२ व्होल्ट अर्धा अँपिअर, राउटर १२ व्होल्ट दीड. म्हणजे २ वाला काठावर?

वायरमन_भो
काठावरचं घेऊ नका, ३ वाला घ्या.